पोहायला कुठे जायचे? : शिकागोच्या पाण्यावरची न दिसणारी रेघ

मे महिना लागला की आपल्या वस्तीतल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "रविवारी पोहायला कुठं जायचं?" कुणी धरणाचे नाव सुचवतो, कुणी नदीच्या डोहाचे. सकाळी निघायचे, डबे बांधून न्यायचे, दुपारभर पाण्यात डुंबायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी. यंदा हा प्रश्न आला तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने खाली लिहिले, "बाबासाहेबांनी तळ्यावर नेले ते हक्कासाठी. तुम्ही निघालात मौजेला. जरा इतिहास वाचा." पोरे गप्प झाली. सहलीचा विषय तिथेच बुडाला.

त्या ज्येष्ठांचा मान राखून मला म्हणायचे आहे की, ठीक आहे, इतिहासच वाचू. कारण इतिहास वाचला की कळते, "पोहायला कुठं जायचं" हा प्रश्न साधा वाटतो तो ज्यांना कुठेही जाता येते त्यांना. ज्यांच्यासाठी पाण्यावर रेघ मारलेली होती, त्यांच्या पोरांना या प्रश्नाचे चुकीचे उत्तर जिवावर बेतले आहे. हा इतिहास महाडचा आहे तसाच तो अमेरिकेतल्या शिकागोचाही आहे. आज तो शिकागोचा सांगतो आणि मग महाडला येतो.

गोड्या पाण्याचा समुद्र

शिकागो शहर मिशिगन सरोवराच्या काठावर आहे. सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तळे येते. हे तळे जवळपास ५८ हजार चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढे. पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, वाळूचे किनारे आहेत, पण पाणी गोडे. उन्हाळ्यात शहर तापले की गरीब कामगारांनी जायचे कुठे, तर या किनाऱ्यांवर. तिकीट नाही, खर्च नाही.

कागदावर हा किनारा सगळ्यांचा होता. १८३६ साली शहराच्या नकाशावरच सरोवराकाठच्या एका पट्ट्यावर नोंद केली गेली होती की ही सार्वजनिक जमीन कायम मोकळी राहील. १९०९ साली शहराचा जो प्रसिद्ध विकास आराखडा झाला त्यातही सरोवराचा काठ जनतेचा आहे असेच म्हटले होते. शिवाय १८८५ सालीच इलिनॉय राज्याने सार्वजनिक ठिकाणी वर्णावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा केला होता. दक्षिणेतल्या राज्यांत वेगळ्या नळांचे, वेगळ्या डब्यांचे कायदे होते. शिकागो उत्तरेत. इथे तसा कायदा नव्हता. म्हणजे कायदा कृष्णवर्णीयांच्या बाजूने होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेतली गुलामीसारखी शेतमजुरी आणि झुंडबळींची दहशत मागे टाकून कृष्णवर्णीय माणसे उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली. शिकागोत त्यांची संख्या १९१० साली ४४,१०३ होती, ती १९२० साली १,०९,४५८ झाली. माणसे अडीच पट झाली, पण राहायला जागा तीच. शहराच्या दक्षिण भागातल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात त्यांना कोंबले गेले. गावकुसाबाहेरची वस्ती काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फरक इतकाच की ही वस्ती शहराच्या पोटात होती. जुलैच्या उकाड्यात त्या खुराड्यांतून बाहेर पडून सरोवराकडे जाणे ही चैन नव्हती, श्वास घेण्याची सोय होती.

पण किनाऱ्यावर पोहोचल्यावर काय? २५व्या रस्त्याच्या टोकाला जो किनारा होता तो कृष्णवर्णीयांचा. २९व्या रस्त्याच्या टोकाला जो होता तो गोऱ्यांचा. मध्ये अर्ध्या मैलाचे अंतर. कुठे पाटी नाही, कुंपण नाही, कायदा नाही. तरी प्रत्येकाला माहीत होते. आपल्या गावातल्या विहिरीवर तरी कुठे पाटी होती? पाटीची गरज ज्याला नियम माहीत नाही त्याच्यासाठी असते. इथे प्रत्येक लेकराला बोलायला लागायच्या आधी नियम कळत होता.

पोरांनी शोधलेली जागा

२७ जुलै १९१९, रविवार. पारा नव्वद अंश फॅरनहाइटच्या वर. यूजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर पोहायला निघाला. या पोरांनी कोणता किनारा निवडला? त्यांनी दोन्ही निवडले नाहीत. दोन किनाऱ्यांच्या मधे, २६व्या रस्त्याजवळ, एक बर्फाचा कारखाना आणि एक बिअरची भट्टी होती. बर्फाच्या कारखान्याचे गार पाणी आणि भट्टीचे गरम पाणी तिथे सरोवरात सोडले जाई. पोरांनी त्या जागेला नाव ठेवले होते 'गरम आणि गार'. कारखान्याच्या सांडपाण्याची ती जागा कुणालाच नको होती, म्हणून ती त्यांची होती. तिथे त्यांनी लाकडे जोडून मोठा तराफा बांधला होता. त्यांच्यात कुणीही सराईत पोहणारा नव्हता. तराफ्याला धरून पाय मारायचे, डुबकी घ्यायची, परत तराफा पकडायचा, असा त्यांचा खेळ.

हे तपशील आपल्याला ठाऊक आहेत कारण त्या दिवशी तराफ्यावर असलेल्या मित्रांपैकी एकाने अनेक वर्षांनी इतिहासकार विल्यम टटल यांना ते सांगितले. १९७० साली टटल यांचे शिकागोच्या दंगलीवरचे पुस्तक आले.

तराफा तरंगत तरंगत दक्षिणेकडे गेला. पाण्यावर रेघ नव्हती, पण ती ओलांडली गेली. त्याच दुपारी २९व्या रस्त्याच्या किनाऱ्यावर काही कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष पाण्यात उतरायला गेले होते आणि तिथे दगडफेक सुरू झाली होती. पोरांना याचा पत्ता नव्हता. लाटा अडवणाऱ्या दगडी बांधावर उभा असलेला एक गोरा माणूस त्यांच्या दिशेने दगड फेकू लागला. यूजीन पाण्याखाली गेला तो परत वर आला नाही.

मित्राची आठवण अशी की दगड यूजीनच्या कपाळावर बसला. चौकशी करणाऱ्या पंचांनी निष्कर्ष काढला तो वेगळा. दगडफेकीच्या भीतीने तो काठाकडे येऊ शकला नाही आणि म्हणून बुडाला, असे त्यांनी म्हटले. दगडाने मेला की दगडाच्या भीतीने, हा वाद वकिलांना करू द्या. माझ्या लेखी दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा जास्त भयानक आहे. काठ समोर आहे, वाळू समोर आहे, आणि पोराला काठावर येण्यापेक्षा पाण्यात राहणे सुरक्षित वाटते. वर्णव्यवस्था म्हणजे काय हे समजावून सांगायला याहून नेमके उदाहरण मला सापडलेले नाही.

पोरांनी दगड फेकणाऱ्याला ओळखले, पोलिसाला दाखवले. किनाऱ्यावरच्या गोऱ्या पोलिसाने त्याला अटक करायला नकार दिला. उलट एका गोऱ्याच्या तक्रारीवरून एका कृष्णवर्णीय माणसालाच अटक केली. तिथून ठिणगी पडली. गर्दी जमली, गोळीबार झाला आणि पुढचे आठ दिवस शिकागो पेटले. ३८ माणसे मेली, त्यात २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे. ५३७ जखमी झाले. सुमारे हजार कुटुंबे बेघर झाली, त्यात बहुतेक कृष्णवर्णीय. त्या वर्षी अमेरिकेतल्या अनेक शहरांत असेच घडले. त्या उन्हाळ्याला इतिहासात 'लाल उन्हाळा' म्हणतात.

दगड फेकणाऱ्यावर खटला चालला. तो निर्दोष सुटला. खैरलांजीनंतर, खर्ड्यानंतर न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभे राहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

रेघ पाण्यावरच इतकी कडक का?

आता एक प्रश्न विचारला पाहिजे. शिकागोत कृष्णवर्णीय आणि गोरे एकाच कत्तलखान्यात काम करत होते. एकाच ट्रामने जात होते. गोऱ्यांच्या घरी कृष्णवर्णीय बाया स्वयंपाक करत होत्या, त्यांची मुले सांभाळत होत्या. मग वाळूच्या एका तुकड्यावर इतका संताप का?

इतिहासकार जेफ विल्ट्सी यांनी अमेरिकेतल्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावांचा इतिहास 'कंटेस्टेड वॉटर्स' या २००७ सालच्या पुस्तकात मांडला आहे. त्यात एक लक्षणीय गोष्ट आहे. उत्तरेतल्या शहरांत सुरुवातीला जे तलाव झाले ते गरिबांना अंघोळ करता यावी म्हणून. तिथे पुरुषांचे दिवस वेगळे, बायकांचे दिवस वेगळे. पण त्यांत कृष्णवर्णीय आणि गोरे कामगार बऱ्याचदा एकत्र असत. पुढे १९२० आणि ३० च्या दशकांत तलाव मौजेची जागा झाले, स्त्री-पुरुष एकत्र पोहू लागले, आणि नेमके तेव्हाच कृष्णवर्णीयांना हाकलायला सुरुवात झाली. भीती पाण्याची नव्हती. भीती होती ती आपल्या मुली त्यांच्या मुलांना भेटतील याची.

बाल्टिमोर शहराच्या खटल्यात हे उघड बोलले गेले. मे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णविभागणी बेकायदा ठरवली. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तिथल्या एका न्यायाधीशाने सार्वजनिक किनारे आणि तलाव वेगवेगळे ठेवायला मान्यता दिली. पोहण्याची जागा ही शाळेपेक्षाही नाजूक बाब आहे असे त्याचे म्हणणे. वर्गात शेजारी बसलेले एक वेळ चालेल, पाण्यात शेजारी उतरलेले चालणार नाही! पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला.

बाबासाहेबांनी हे आधीच सांगून ठेवले होते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जातीचे मर्म आहे जातीअंतर्गत विवाह, ही त्याची मांडणी. जात टिकवायची म्हणजे स्त्रीवर पहारा ठेवायचा. ही मांडणी भारतीय जातीबद्दल होती, आणि जात म्हणजे वंश नव्हे हेही बाबासाहेबांनी पुढे ठामपणे सांगितले आहे. त्यामुळे दोन्ही व्यवस्था एकच आहेत असे मी म्हणत नाही. आपल्याकडे स्पर्शाने पाणी बाटते असे धर्म सांगत होता. अमेरिकेत असा धर्मग्रंथ नव्हता. पण जिथे शरीरे एकत्र येतात, जिथे माणूस काम करणारा हात न राहता नुसता माणूस असतो, तिथेच पहारा सर्वांत कडक होतो, हे दोन्हीकडे दिसते. कत्तलखान्यात कृष्णवर्णीय मजूर होता. वाड्यावर आपला बाप वेठबिगार होता. तिथे त्याचे असणे कुणाला खुपत नव्हते, कारण तो खालच्या पायरीवर होता. पाण्यात पायरी नसते. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या दोन माणसांत कोण मालक, कोण नोकर हे कसे ओळखणार?

महाडची रेघ

आता आपल्याकडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी निधीतून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा ही सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना खुली. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. म्हणजे शिकागोसारखाच इथेही कागद आपल्या बाजूने होता. पण तीन वर्षे एकाही अस्पृश्याची तळ्यावर जाण्याची हिंमत झाली नाही. मुसलमान पाणी भरत होते, ख्रिस्ती भरत होते, गुरेढोरे पाणी पीत होती. रेघ फक्त आपल्यासाठी होती.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. त्यानंतर काय झाले ते आपण सगळे जाणतो. परिषदेच्या मंडपात शिरून, गावातल्या रस्त्यांवर गाठून आपल्या माणसांना मारले. तळे १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य टाकून 'शुद्ध' केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सवर्णांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. दहा वर्षे दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला.

महाडच्या डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की चवदार तळ्याचे पाणी प्यालो नाही म्हणून आम्ही मरणार होतो असे नाही. इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तिथे जायचे. मला वाटते आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते नेमके हेच विसरतात. महाडची लढाई तहानेची असती तर स्वतंत्र विहीर खणून देऊन ती मिटली असती. सवर्ण तर तयारच होते, तुमची विहीर वेगळी करा म्हणत होते. लढाई होती ती निवडीची. या गावात जेवढ्या जागा इतरांच्या आहेत तेवढ्या माझ्याही आहेत, आणि त्यांतली कुठली निवडायची ते मी ठरवीन, हा तो हक्क. जो हक्क पाणी पिण्याला लागू आहे तोच पाण्यात डुंबण्याला लागू आहे. मौज ही हक्काच्या बाहेरची गोष्ट नाही.

स्वतःचे सरोवर

रेघ मारली गेल्यावर माणसे काय करतात? एक मार्ग म्हणजे स्वतःची जागा उभारणे. मिशिगन राज्याच्या जंगलात आयडलवाइल्ड नावाचे ठिकाण आहे. १९१५ च्या सुमारास तिथे सरोवराकाठचे छोटे छोटे भूखंड कृष्णवर्णीयांना हप्त्याने विकले जाऊ लागले. विकणारे गोरे व्यापारी होते, घेणारे शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंडचे कृष्णवर्णीय शिक्षक, डॉक्टर, टपाल कर्मचारी. प्रसिद्ध शल्यविशारद डॅनियल हेल विल्यम्स यांनी तिथे जमीन घेतली. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनीही घेतली आणि १९२१ साली आपल्या 'क्रायसिस' मासिकात या जागेचे कौतुक केले. हेच ते डु बॉइस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंच्या वतीने केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. पुढे लुई आर्मस्ट्राँगसारखे कलावंत आयडलवाइल्डला येऊन गात. तिथे कुणाला मान खाली घालून पाण्यात उतरावे लागत नव्हते.

दुसरा मार्ग होता माहितीचा. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून 'ग्रीन बुक' ही मार्गदर्शिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे गाडीत पेट्रोल भरता येईल, यांच्या याद्या त्यात असत. आज आपण फोनवर जागा शोधतो, फोटो बघतो, पार्किंग आहे का बघतो. त्या माणसांना सहलीला निघण्याआधी बघावे लागे की आपण जिवंत परत येऊ का.

आयडलवाइल्डचा अभिमान वाटावा असाच आहे. पण तो पुरेसा होता का? ज्याच्याकडे मोटार आणि हप्ता भरायला पैसे होते तो तिथे गेला. कत्तलखान्यातला मजूर आपल्या पोरांना घेऊन शेकडो किलोमीटर कुठे जाणार? त्याला घराजवळचा किनारा हवा होता. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, बाकीची ठिकाणे खुली झाली आणि आयडलवाइल्ड हळूहळू ओस पडले. आपल्या संस्था, आपली वसतिगृहे, आपले विहार हवेतच. पण त्यांच्या बदल्यात सार्वजनिक जागेवरचा दावा सोडायचा नसतो.

एकदा गेलो म्हणून संपले नाही

शिकागोत हा दावा पुन्हा कुणी केला? तरुणांनी. १९१९ ला ४१ वर्षे होऊन गेली होती, तरी शहराच्या दक्षिणेकडच्या रेनबो किनाऱ्यावर कृष्णवर्णीयांना जाता येत नव्हते. १९६० च्या ऑगस्टमध्ये एक कृष्णवर्णीय पोलीस शिपाई आपल्या बायकापोरांना घेऊन तिथे गेला, तर जमावाने त्यांना त्रास देऊन हाकलले. पोलिसाची ही गत! २८ ऑगस्ट १९६० रोजी एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या युवक शाखेतले सुमारे तीस कृष्णवर्णीय आणि गोरे तरुण ठरवून त्या किनाऱ्यावर गेले. त्यांनी चादरी अंथरल्या, पत्ते-बुद्धिबळ काढले, पाण्यात उतरले. सहलीला गेलेले कुणीही जे करते तेच. त्यांची नेता होती २१ वर्षांची वेल्मा मर्फी. परतताना जमावाने दगडफेक केली आणि एक दगड तिच्या डोक्यात बसला. १७ टाके पडले.

दुसऱ्या उन्हाळ्यात ही मुले पुन्हा गेली. पुन्हा पुन्हा जात राहिली. आता पोलिसांना संरक्षण द्यावे लागले. किनारा खुला झाला तो असा, एका ठरावाने नाही, एका दिवसाने नाही. दर रविवारी जाऊन बसल्याने झाला. मित्रांनो, त्यांचे आंदोलन आणि त्यांची सहल यांत फरक करता येतो का ते मला सांगा. मला तरी करता येत नाही.

आणि मग तलावच बंद

पाण्यावरचा हक्क मान्य करावा लागला की वरचढ समाज आणखी एक डाव टाकतो. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात न्यायालयाने सार्वजनिक तलाव सगळ्यांना खुले करायला सांगितले, तेव्हा शहराने तलावच बंद केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, तलाव सगळ्यांसाठीच बंद केला आहे, मग भेदभाव कुठे झाला? महाडकरांनी तळे धुतले, जॅक्सनवाल्यांनी तलावाला कुलूप घातले. अनेक शहरांत गोरे खासगी क्लबांच्या आणि घरच्या तलावांकडे वळले, सार्वजनिक तलावांकडे कुणी लक्ष देईना. सरकारी शाळा, सरकारी दवाखाने, एसटी यांचे आज काय चालले आहे ते पाहा. आपण आत शिरलो की ते बाहेर पडतात आणि मग त्या जागेचा खर्च सरकारला जड होतो.

याची किंमत आजही मोजली जाते. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीनुसार १० ते १४ वयाच्या कृष्णवर्णीय मुलांचे पोहण्याच्या तलावात बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या सात पटींहून अधिक आहे. कारण सरळ आहे. ज्या आजोबाला किनाऱ्यावरून हाकलले त्याला पोहता आले नाही. त्याने भीतीने मुलाला पाण्याजवळ जाऊ दिले नाही. मुलाने आपल्या मुलाला जाऊ दिले नाही. मारेकऱ्याचा दगड १९१९ ला फेकला गेला, तो अजून पडतोच आहे.

माझी आजी मला लहानपणी म्हणायची, "पाण्याच्या वाटंला जाऊ नगंस." मला वाटायचे तिला बुडण्याची भीती आहे. तिच्या गावात मोठ्या विहिरीला दगडी पायऱ्या होत्या. गावची पोरे तिथे उड्या मारून पोहायला शिकायची. आमच्या लोकांसाठी ओढ्यात खणलेला झरा होता, त्यात वाटीने पाणी भरायचे. वाटीभर पाण्यात पोहायला कोण शिकणार? आणि त्या पायऱ्यांवर पाय ठेवला तर काय होते ते तिने पाहिले होते. ती भीती पाण्याची नव्हती, हे मला शिकागो वाचल्यावर कळले.

तर मग कुठे जायचे?

आमच्या ग्रुपवरच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. जायचे. जागा नीट निवडून जायचे. गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा शरीर कमी तरंगते, हे लक्षात ठेवा. धरणाच्या फुगवट्यात काठ अचानक खोल जातो, तळाशी गाळ असतो, झाडांची खोडे असतात. जिथे विसर्ग सोडला जातो, जिथे पोहायला मनाई आहे, तिथे उतरायचे नाही. दारू पिऊन तर अजिबात नाही. जीवरक्षक असलेला तलाव किंवा उथळ, माहितीचा काठ निवडा. बरोबर दोर आणि हवा भरलेली ट्यूब ठेवा. ज्याला पोहता येत नाही त्याला एकटे सोडू नका. यूजीनच्या हाती फक्त एक तराफा होता. तुमच्या हाती शिकण्याची संधी आहे. महापालिकेचा तलाव शोधा, नाव नोंदवा, रीतसर पोहायला शिका.

आणि मुलींना सोडून जाऊ नका. पहारा शेवटी त्यांच्यावरच असतो, हे १९१६ च्या निबंधात लिहिलेले आहे. सहलीला निघालेल्या टोळक्यात एकही मुलगी नसेल तर ती रेघ आपणही पाळतो आहोत असे समजा. आपल्या वस्तीतल्या दहा मुलींना पोहायला शिकवणे हा मला जयंतीच्या डीजेपेक्षा मोठा कार्यक्रम वाटतो. त्या डीजेचे पैसे त्यांच्या फीला पुरतील.

शिकागोच्या त्या किनाऱ्याजवळ आता यूजीन विल्यम्सच्या स्मृतीचा फलक आहे. तो २००९ साली लागला, म्हणजे तो बुडाल्यावर ९० वर्षांनी. शेजारी उन्हाळ्यात सगळ्या रंगांची पोरे पाण्यात उड्या मारतात. त्यांतल्या बहुतेकांना फलकावरचे नाव माहीत नसेल. तरी त्यांचे तिथे असणे हाच त्या नावाचा खरा मान आहे. चवदार तळ्यावर आपण दर २० मार्चला जातो, जायलाच हवे. पण बाकीच्या ३६४ दिवसांत राज्यातले प्रत्येक तळे, प्रत्येक नदी, प्रत्येक किनारा आपलाही आहे, हे पायांनी सिद्ध करावे लागते.

ज्येष्ठ दादांना ग्रुपवर मी एवढेच लिहिले : "दादा, इतिहास वाचला. रविवारी सकाळी सात वाजता निघतोय. तुमची जागा धरून ठेवली आहे."

जय भीम.